बाराबंदी शिवणाऱ्या हातांचा चुडीदार

सोलापुरात बाळीवेशीतून आत शिरलं की डाव्या हाताच्या तिसऱ्या बोळात चनमल्लप्पांचं दुकान. दुकान म्हणजे काय, घराची ओसरीच ती. एक पायमशीन, कापड कापायला लांबरुंद पाट, भिंतीतल्या खिळ्यांना अडकवलेल्या तीन कात्र्या आणि कोपऱ्यात पाण्याची कळशी. पाटी नव्हती. पाटी हवी कशाला? संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरली की नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या घातलेली माणसं रस्त्यानं चालत. त्यांतल्या कितीकांच्या पाठीवर चनमल्लप्पांची शिवण असे. तीच त्यांची पाटी, आणि ती दरसाल आपल्या पायांनी गावभर फिरून यायची.

ज्यांनी बाराबंदी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर हा बिनगुंडीचा अंगरखा. छातीवर एका बाजूचं कापड दुसऱ्यावर येतं आणि सगळा कारभार बारा बंदांवर, म्हणजे कापडी नाड्यांवर चालतो. ऐकायला सोपं. पण एखादा बंद बोटभर सरकला की भला पैलवान गडीसुद्धा पोतं आवळून बांधल्यासारखा दिसतो. चनमल्लप्पांचा बंद कधी सरकला नाही.

माणूस मोठा नादिष्ट. टोपीच्या घडीत दोरा ओवलेली सुई कायम. एकदा वैरागला कुणाच्या लग्नाला गेले होते. नवरदेवाचा कोट खांद्यावरून ओघळत होता. सगळे जेवणाचा वास घेत बसलेले, आणि चनमल्लप्पांचं लक्ष त्या खांद्यावर. शेवटी अक्षता पडायच्या आधी ते उठले, नवरदेवाच्या मागं जाऊन उभे राहिले आणि टोपीतली सुई काढून चार टाके घातले. नवरदेवाला वाटलं, कुणीतरी चिमटे काढतंय. तो उड्या मारायला लागला. नवरीकडच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "पोराला फिटं येत्यात काय गं?" लग्न मोडायची वेळ आली होती. पण फोटोत खांदा असा बसला होता म्हणता!

फक्त एक गोष्ट होती. बायकांचं कापड ते शिवत नसत. "बाईमाणसाचं माप घ्यायचं आपलं धाडस न्हाय बा," एवढंच सांगायचे आणि मशीनवर वाकायचे. पन्नाशी ओलांडली तरी हा नेम मोडला नव्हता. मोडला तो भाचीपायी.

नीलम्मा ही त्यांच्या धाकट्या बहिणीची, मंद्रूपच्या निंगव्वाची लेक. चौऱ्याहत्तर साली मॅट्रिक झाली आणि तिनं हट्ट धरला, विणकामाच्या शाळेतच जाणार. यंत्रमाग कसा चालतो, नक्षी कापडात कशी उतरते, हे शिकायचं होतं तिला. वर्गात अठ्ठावीस पोरं आणि ही एकटी पोरगी. तिचे वडील शरणप्पा म्हणजे उभ्या ज्वारीसारखा ताठ माणूस. ते काही केल्या तयार होईनात. तेव्हा चनमल्लप्पा मंद्रूपला जाऊन त्यांच्या ओसरीवर दिवसभर बसले आणि म्हणाले, "दाजी, पोरगी माझ्या घरात ऱ्हाईल. तिच्याकडं बोट दाखवायची येळ आली तर मी सोता तिला तुमच्या दारात आणून सोडीन. तुमाला बोलवाय यायची पाळी येनार न्हाय."

शब्द दिला. शब्दावर पोरगी सोलापूरला आली.

एक वर्ष गुण्यागोविंदानं गेलं. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात एका दुपारी नीलम्मा घरी आली ती पदर मुठीत धरून. पदराचा हातभर तुकडा गायब. मागाच्या पट्ट्यात पदर सापडला होता. मास्तर शेजारीच उभे होते म्हणून बरं, त्यांनी झटक्यात बटण बंद केलं. नीलम्माला ओरखडासुद्धा उठला नव्हता.

मामी मायाक्कानं आधी भाचीवरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या आणि मग विचारलं, "पुढं काय म्हनाले मास्तर?"

"सोमवारपासनं साडी नेसून मागापाशी यायचं न्हाय म्हनाले. लोंबतंय असं अंगावर कायबी नको. पदर नको, ओढणी नको, झुमकं नको, लांब येणी नको, हातात बांगड्याबी नकोत."

"अगं बाई! बांगड्याबी?" मायाक्काचा हात कपाळाला गेला. "लगीन न झालेल्या पोरीचं हात मोकळं? आनि साडी न्हाय तर काय, पोतं गुंडाळून जायाचं?"

"चुडीदार घालीन म्हनते मी. पायाला घट्ट बसतो, कुटं आडकत न्हाय. मामा शिवतील की."

मशीन थांबलं. चनमल्लप्पांनी चष्मा वर करून भाचीकडं बघितलं. पाटावर तेवीस बाराबंद्या कापून पडल्या होत्या, गड्डा महिन्यावर आलेला, आणि ही म्हणते चुडीदार शिवा!

"नव्या पेठेत बायकांचे शिंपी हायत की," ते म्हणाले.

"ते म्हैनाभरानं देत्यात. आनि तितं परका मानूस माप घेतोय."

या दुसऱ्या वाक्यापुढं चनमल्लप्पांचं काही चाललं नाही.

तर माप घेतलं ते मायाक्कानं. आतल्या खोलीत, दार लावून. तिला टेपवरचे आकडे वाचता येत नव्हते, म्हणून तिनं सुतळी घेतली. घोट्याच्या घेराला एक गाठ, पोटरीला दुसरी, गुडघ्याला तिसरी, अशी गाठींची सुतळी तिनं दाराच्या फटीतून बाहेर सरकवली. बाहेर चनमल्लप्पा ती पाटावर पसरून बसले. आणि तिथंच त्यांनी ती चूक केली, जी उभ्या सोलापुरात बाराबंदीवाल्या शिंप्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमली नसती.

बाराबंदी अंगावर चपखल बसते ती मापामुळं. सरळ कापड, नेमकं माप, बाकीचं काम बंदांचं. चनमल्लप्पांनी चुडीदारालाही तोच न्याय लावला. कापड उभ्या धाग्यात सरळ कापलं, कमरेपासून घोट्यापर्यंत अगदी पायाएवढंच, सूतभर जास्त नाही. घोट्यातून टाच जाणार नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, म्हणून त्यांनी खाली चीर ठेवली आणि चिरेला लावले बंद. एका पायाला सहा, दुसऱ्याला सहा.

"मायाक्का, हे बघ," ते खूश होऊन म्हणाले. "पायाची बाराबंदी!"

नीलम्मा आतून तो घालून आली ती लाकडी बाहुलीसारखी. घोट्याशी नाड्यांच्या गाठी, वर सरळसोट कापड. चुडीदाराच्या ज्या चुण्या पडायला हव्यात त्यांचा पत्ता नाही. पाय मोडल्यावर बांधलेल्या पट्ट्या बऱ्या दिसतात. मायाक्कानं पदर तोंडाला लावला.

"हसतीस काय?" चनमल्लप्पा चिडले. "बसलाय का न्हाय मापात? नीलम्मा, खाली बस बघू, यव्वा."

नीलम्मा बसायला वाकली. चर्रर्र! दोन्ही गुडघे एकदम. पोरगी तशीच आत पळाली, आणि मायाक्काला मग हसू आवरेना. चनमल्लप्पा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचं कापड फाटलं नव्हतं.

आता मागच्या बोळात हलिमाबी राहायची. अत्तरवाल्याची विधवा, माहेर हैदराबादचं, वय साठीच्या पुढं. पण घरातून बाहेर पडताना अशी निघायची की बघत राहावं. तिनं लग्नातला चुडीदार अजून ट्रंकेत जपून ठेवला होता. मायाक्का दुसऱ्या दिवशी तिच्याकडं गेली आणि तिला घेऊनच आली. हलिमाबीनं फाटका चुडीदार हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि तिचा चेहरा असा झाला, जणू मिरची चावली.

"क्या रे चनमल्लप्पा, छोकरी के पावां बांद के रख्या क्या? उसकू चलना हय, लडाई पे नै जाना!"

"मापात हाय हलिमाबी, अगदी मापात."

"मापच गलत हय तेरा. सीदा कायकू काट्या? चुडीदार उरेब काटते, तिरछा. और पाव से हातभर लंबा. वो जास्ती का कपडा नीचे आ के बैठता, तब चुन्यां पडते. बंद-फंद सब निकाल."

तिनं आपला ट्रंकेतला चुडीदार त्यांच्यापुढं टाकला. विटका जांभळा, पण शिवण एक उसवली नव्हती. चनमल्लप्पांनी तो पाटावर पसरला आणि कडेनं बोट फिरवत बसले. धागा खरंच तिरका चालला होता. कापडाचे दोन्ही काठ आधी तिरके जोडून पिशवी शिवायची आणि मग त्या पिशवीतून पाय कापायचे, म्हणजे कापडही वाया जात नाही, हे त्यांना तासाभरानं उमगलं.

पण तिरकं का, हे उमगलं नाही. ते सांगितलं नीलम्मानं.

"मामा, हे बगा." तिनं एक चिंधी दोन्ही हातांत धरून सरळ ओढली. "हा ताणा. उभा धागा. जरा बी लवत न्हाय. आता आडवं वढा, हा बाणा, ह्यो बी न्हाय. आता कोपरं धरून वढा." चिंधी रबरासारखी लांबली आणि सोडल्यावर परत जागेवर आली. "तिरकं धरलं की दोन्ही धागं एकमेकांवरनं सरकत्यात. म्हनून गुडघा वाकला तर कापड बी वाकतंय."

चनमल्लप्पा त्या चिंधीकडं बघत राहिले. चाळीस वर्षं कापड हाताळलं, पण कापडाच्या आत कधी शिरले नव्हते. आणि ही कालची पोर! मग ते हळूच म्हणाले, "शाळंत हे शिकिवत्यात व्हय?"

"पयल्या म्हैन्यात."

"मग तू काल का न्हाय सांगितलीस?"

"तुमी इचारलंच कुटं?"

त्या दिवसापासून बाराबंद्या बाजूला पडल्या. चनमल्लप्पा दुसऱ्या चुडीदाराला भिडले, आणि भिडले ते असे की मायाक्काला वाटलं, यांच्या अंगात आलंय. नुसता पायजमा शिवून भागणार नव्हतं ना. वर काय? ओढणी चालणार नाही, आणि पदराशिवाय पोरगी बाहेर पडली तर मंद्रूपला बातमी पोचायला एसटीचीसुद्धा गरज नाही. इथं मात्र त्यांना आपली बाराबंदी आठवली. छातीवर कापडावर कापड! मग ओढणी हवीच कशाला? त्यांनी तसाच एकावर एक कापड येणारा कुडता कापला, बंद सगळे आतल्या बाजूनं, बाहेर लोंबणारं काही नाही. लांबी गुडघ्याखाली चार बोटं. कुडत्याला बारीक फुलांचं कापड, खाली चुडीदार साधा, गडद मोरपंखी.

"खाली बी फुलांचं घ्यायचं की," मायाक्का म्हणाली. "जोडीनं दिसंल."

"न्हाय. अंगावर एकानंच बोलावं. वरचं बोलतंय तर खालच्यानं ऐकावं. दोगंबी बोलाय लागले की बाजार भरतो."

हे वाक्य पुढं वीस वर्षं सोलापुरातल्या पोरींनी त्यांच्या तोंडून ऐकलं.

राहिलं गळ्यातलं आणि हातातलं. गळ्यात नीलम्माचं इष्टलिंग, लिंगायतांनी कधी अंगावेगळं न करायचं, चांदीच्या डबीत, दोऱ्याला. लोंबतंय म्हणून ते काढायचं तर तिनं शाळा सोडली असती. चनमल्लप्पांनी कुडत्याच्या आत, डाव्या बाजूला, काळजावर येईल असा एक कप्पा शिवला. डबी त्यात बसली की दोरा हलत नव्हता. हातांचा प्रश्न मायाक्काचा. मोकळ्या मनगटानं भाची दारातून बाहेर पडलेली तिला चालणार नव्हती, मास्तर काहीही म्हणोत. शेवटी तिनंच आपल्या जुन्या इरकली साडीचा हिरवा काठ फाडला आणि नवऱ्यापुढं ठेवला. "हे लावा मनगटाला. गोल. बांगडीवानी." त्यांनी लांब बाहीच्या टोकाला काठाच्या तीन तीन पट्ट्या लावल्या. लांबून बघितलं तर हिरवा चुडा भरल्यासारखं वाटायचं, आणि आवाज मात्र नाही.

कानात झुमक्यांऐवजी कानाच्या वरच्या पाळीला घट्ट बसणारी बुगडी. केसांची वेणी गुंडाळून आकडे मारायचे. पायात मागून पट्टा असलेली चपटी चप्पल.

चुडीदार घालायचा कसा, हे शिकवलं हलिमाबीनं. आत ती, मायाक्का आणि नीलम्मा. बाहेर ओसरीवर चनमल्लप्पा, मान खाली घालून, पण कान दाराला.

"पैले पाव पे कागद रख. पेपर का. हां. अबी उपर से चढा, कागद के साथ घसरता जाता. अरे खींच नक्को! खींचे तो फटता. बैठ के, पंजा सीदा कर के, थोडा थोडा उपर ले." आतून कागदाची सळसळ. "अबी कागद निकाल. अबी चुन्यां. नीचे से चालू, घोटे के उपर से. एक के उपर एक, सीडी सरीका. पोटरी के पास आये तो बस. और ये शिवन हय ना, अंदर की बाजू सीदी रैना. तेडी हुई तो पाव बी तेडा दिकता."

"आनि चुण्या सारख्या आल्या न्हाईत तर?" हा मायाक्काचा आवाज.

"तो फिर से कर. जल्दी हय तो साडी पैन."

नीलम्मा बाहेर आली. चनमल्लप्पांनी वर बघितलं आणि खडू हातातच राहिला. घोट्यापाशी मोरपंखी चुण्या एकीवर एक बसल्या होत्या, वर कुडता, मनगटाला हिरवं. पण शिंप्याचं मन, कौतुक नंतर.

"बस."

बसली.

"ऊठ. बस. मागाखाली वाकतीस तशी वाक. आता उकिडवी बस. ऊठ."

अशी वीस वेळा पोरीची उठबस करवली. एक टाका कुरकुरला नाही. हलिमाबी दारात उभी राहून म्हणाली, "बस रे, छोकरी कू थकायेगा क्या? हो गया पास."

सोमवारी नीलम्मा गेली. मास्तरांनी एकवार बघितलं, मान हलवली आणि तिला मागापाशी उभं केलं. झालं, चनमल्लप्पांना वाटलं, मिटलं.

कुठलं मिटतंय! पंधरा दिवस गेले नाहीत तोवर मंद्रूपहून निरोप आला. बाजाराला आलेल्या कुणीतरी नीलम्माला रस्त्यानं जाताना बघितलं होतं आणि गावात जाऊन सांगितलं होतं, शरणप्पाची लेक सोलापुरात विजार घालून हिंडती, हातात बांगडीसुद्धा नाही. निरोप असा होता: 'उद्या सकाळच्या गाडीनं येतो. ऐकलं ते खरं निघालं तर संध्याकाळच्या गाडीनं पोरगी माझ्यासंगं मंद्रूपला.'

मायाक्काचं तोंड उतरलं. तिनं मार्ग काढला. "उद्याच्या दिस साडी नेसून घरात ऱ्हाऊ दे तिला. शाळंला सुट्टी हाय म्हनायचं. दाजी जेवतील, जातील. कुनाला काय कळतंय?"

नीलम्मा मामाकडं बघत राहिली. तिच्या दोन वर्षांची गाठ त्या उत्तरात होती आणि तिला ते ठाऊक होतं.

चनमल्लप्पांनी बराच वेळ सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. जमेना. शेवटी सुई टोपीत खोचून म्हणाले, "न्हाय. दाजीला शब्द दिलाय. लपवून ठेवलं तर बोट दाखवायची येळ खरंच आली म्हनायची. पोरगी शाळंला जाईल, तेच कापड घालून. दाजीला मी घेऊन जातो तितं."

"आनि तितनंच घेऊन गेले म्हंजी?"

"मग माझं शिवण चुकलं म्हनायचं."

सकाळी शरणप्पा आले. डोक्याला पटका, हातात हुरड्याची पिशवी. मायाक्कानं पाणी दिलं, ते घेतलं. गूळ दिला, तो तसाच ठेवला.

"पोरगी कुटं हाय?"

"शाळंत. चला, दाखवतो," चनमल्लप्पा म्हणाले.

दोघं चालत निघाले. एरवी चनमल्लप्पा रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाची कॉलर, खिसे, काख बघत आणि त्यावर बोलत चालायचे. आज त्यांना रस्ता दिसत नव्हता. मास्तरांनी परवानगी दिली आणि दोघांना शाळेतल्या कारखान्याच्या जाळीच्या खिडकीपाशी उभं केलं. आत आठ-दहा माग एकाच वेळी धडधडत होते. बोलायचं तर कानाशी ओरडावं लागत होतं.

शरणप्पांनी आधी पोरांकडं बघितलं. आता ते साल शहात्तर. पोरांच्या अंगात सगळ्या बेलबॉटम. गुडघ्यापर्यंत तंग आणि खाली अशी रुंद की एका पायात कोंबडी लपावी. आणि मास्तरांचा नियम तर सगळ्यांना सारखाच, लोंबणारं काही नको. म्हणून प्रत्येक पोरानं बेलबॉटमचा घेर घोट्याशी गोळा करून त्याला सुतळी बांधली होती. अठ्ठावीस पोरं, छप्पन्न घोटे, छप्पन्न सुतळ्या. एकाची सुतळी सुटली होती, तो एका हातानं विजार धरून दुसऱ्या हातानं मागाशी झटत होता आणि मास्तर त्याच्यावर ओरडत होते.

शरणप्पांच्या मिशा हलल्या. "हे काय रं? पायाला भोपळं बांदल्यात?"

"फ्याशन हाय दाजी. मुंबैची."

"आमी बैलाच्या पायाला दावं बांदतो ते बरं दिसतंय."

मग त्यांना नीलम्मा दिसली. ती मागाच्या मागच्या बाजूला होती. एक धागा तुटला होता. तिनं माग थांबवला, उकिडवी बसली, मागाखाली हात घालून धागा ओढला, गाठ मारली, उठली, माग सुरू केला. किती वेळ लागला असेल? मुठीतला हुरडा तोंडात टाकावा एवढा. कुठं अडकली नाही, कुठं कापड सावरलं नाही. ना पदर ओढायचा, ना नाडी धरायची. शेजारच्या सुतळीवाल्यानं तिला काहीतरी विचारलं, तर ही त्याला बोटानं दाखवत होती.

शरणप्पा जाळीला नाक लावून बघत राहिले. चनमल्लप्पांचे डोळे त्यांच्या तोंडावर. त्या तोंडावरून काही वाचता येईल तर शपथ.

मधल्या सुट्टीत माग थांबले आणि नीलम्मा बाहेर आली. वडिलांना बघून जागच्या जागी थबकली. मग वाकून पाया पडली.

शरणप्पांनी पहिलं विचारलं ते एकच. "लिंग कुटं हाय?"

नीलम्मानं डाव्या बाजूला, कुडत्यावर हात ठेवला. "हितं, अप्पा. मामांनी आतनं कप्पा शिवलाय."

"आनि हात मोकळं?"

तिनं मनगटं पुढं केली. शरणप्पांनी तो हिरवा काठ अंगठ्यानं चाचपला, वळवून बघितला. "हा तर आपल्या वैनीच्या साडीचा दिसतोय."

"व्हय. मामीनं काठ फाडून दिला."

"आनि माप?" एकदम आवाज चढला. "माप कुनी घेतलं?"

"मामीनं! सुतळीनं! दार लावून!" मामा आणि भाची एकदमच बोलले.

शरणप्पांनी पटका काढला, घाम पुसला, परत बांधला.

"आपल्या हिरीवर इंजान बसीवलं तवा," ते शेवटी म्हणाले, आणि ते लेकीशी बोलतायत का मेव्हण्याशी, हे दोघांनाही कळेना, "इंजानाच्या पट्ट्यापाशी मी धोतराचा सोगा सोडून कवा गेलो न्हाय. कासोटा वर खोचूनच जातो. गावात कुनी हसलं न्हाय मला." त्यांनी बोटानं कारखान्याकडं दाखवलं. "पोरगी यंत्रापाशी उबी ऱ्हाती हे मला कुनी सांगितलंच न्हाय. विजार तेवडी सांगितली."

नीलम्माचे डोळे भरून आले. चनमल्लप्पा टोपी काढून सुई हाताशी लागते का बघायला लागले, उगीचच.

"जा, घंटा झाली न्हवं तुजी," शरणप्पा म्हणाले. ती वळली, चार पावलं गेली, तेवढ्यात पुन्हा हाक. "थांब! हे कापड तू रोज घालतीस?"

"व्हय अप्पा. रात्री धुती, सकाळी घालती."

आणि तिथं शरणप्पा खरे भडकले. चनमल्लप्पांकडं वळून म्हणाले, "एकच? एकच शिवलाय? पोरगी रोज त्येच त्येच कापड घालून जाती, लोक काय म्हनतील? शरणप्पाला लेकीला दुसरं कापड घ्यायची ऐपत न्हाय? चला! कापडबाजार दाखवा मला."

चनमल्लप्पांच्या पाटावर अजून सोळा बाराबंद्या बाकी होत्या आणि गड्डा आठ दिवसांवर. पण त्यांना काही आठवलं नाही. दोघं तडक चाटी गल्लीच्या कापडबाजारात शिरले. संध्याकाळची गाडी निघून गेली तरी दोघं गादीवर पाय पसरून बसलेले. दुकानदारानं ठाणांवर ठाणं उलगडली. शरणप्पांना डाळिंबी फुलांवर पिवळे ठिपके आवडले.

"कुडत्याला हे, आनि खाली बी हेच," ते म्हणाले.

"खाली साधं, दाजी. वरचं बोलतंय तर खालच्यानं..."

"खालच्यानं का बोलू नये? आमच्या मंद्रूपात सगळीच बोलत्यात!"

"तसं न्हाय. आनि डाळिंबी नको, लवकर विटतो."

"डाळिंबीच पाहिजे. तिची आई लगनात डाळिंबी नेसलीती."

दुकानदार मोठा हुशार, त्याला वाटलं घरात लगीन निघालंय. त्यानं विचारलं, "नवरीसाठी बघताय का, काका?"

शरणप्पांनी कापडावरून नजर न काढता सांगितलं, "न्हाय. आमच्या इंजनेरासाठी."

चनमल्लप्पांनी मग वाद घातला नाही. डाळिंबी तर डाळिंबी. त्यांनी ठाण हातात घेतलं, कोपरा धरून तिरकं ओढून बघितलं, आणि दुकानदाराला म्हणाले, "पायापेक्षा हातभर जास्ती फाड."